स्क्रू चकचकीत, खिडकी पांढरी... मावसभावाकडे पैसे परत मागू का?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई ठाण्यात राहतात, माहेर सिंधुदुर्गात, समुद्र घरापासून चालत पाच-सात मिनिटांवर. आई तिथे एकटीच असते. तीन वर्षांपूर्वी घराचं मोठं काम काढलं: कौलं उतरवून लोखंडी सांगाड्यावर रंगीत पत्रे घातले, जुन्या लाकडी खिडक्यांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग बसवल्या, गच्चीला स्टीलचं रेलिंग केलं, सोलर बसवलं, आईच्या खोलीला एसी लावला. फॅब्रिकेशनचं सगळं काम मावसभावाने केलं. मस्कतला असलेल्या भावाने निम्मे पैसे पाठवले, आणि ताईंच्या मिस्टरांनी खिडक्यांसाठी मुद्दाम ठाण्याहून भारीतले स्टेनलेस स्क्रू आणून दिले. आता तीन पावसाळ्यांनंतर खिडक्यांच्या स्क्रूभोवती पांढरी भुकटी येतेय, पडवीच्या पत्र्यावर गंजाचा लांब पट्टा उमटलाय, रेलिंगच्या बुडाचे बोल्ट हात लावला की पापुद्रे सुटतात, सोलरच्या खालचा पाइप दोनदा लीक झाला. भाऊ म्हणतो मावसभावाने हलका माल घातला, त्याच्याकडून पैसे परत घे आणि घरातला प्रत्येक स्क्रू-बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचा करून टाक. वाडीतले एक काका म्हणतात ट्रॉलरला लावतात तसे जस्ताचे ठोकळे गेटला आणि रेलिंगला लावा. गणपतीत मावसभाऊ आरतीलाही आला नाही. ताई विचारतात, करू काय?

ताई,

सगळ्यात आधी एक फोन करा, बाकीचं नंतर वाचा. आईला सांगा गच्चीच्या रेलिंगला टेकायचं नाही, त्यावर गोधड्या वाळत घालायच्या नाहीत, आणि सुट्टीत मुलं आली तर गच्चीच्या दाराला कडी. पत्र्याला भोक पडलं तर पाणी गळेल, खिडकी अडली तर अडेल, पण बोल्ट संपलेलं रेलिंग ही वेगळी गोष्ट आहे, ती थांबत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुम्ही विचारलंय की माल हलका होता का आणि चूक कोणाची. मी तुमचे फोटो दोन-तीनदा झूम करून बघितले, आणि मला वाटतं आपण आधी वेगळंच बघायला हवं. फोटोतल्या चारही जागा परत बघा. पत्रा मधोमध कुठेच गंजलेला नाही, फक्त एका पट्ट्यात. खिडकीची चौकट सगळीकडे ठीक, फक्त स्क्रूभोवती खराब. रेलिंगचा पाइप चकाचक आणि बोल्ट संपले. पाइपलाइन फक्त जॉइंटपाशी गेली. माल हलका असता तर सगळीकडून गेला असता ना? हे जिथे जिथे दोन वेगळे धातू एकमेकांना भेटले तिथेच गेलंय. (सोलरच्या जॉइंटमध्ये तांबं आणि जुना जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेलं लोखंड, आहे असं तुम्हीच लिहिलंय म्हणून म्हणते.)

हे घरच्या घरी बघायचं असेल तर स्टीलच्या पातेल्यात टोमॅटोचं सार किंवा खारट-आंबट काहीही ठेवा, वर अ‍ॅल्युमिनियम फॉइल अशी घाला की ती साराला टेकेल, आणि रात्रभर राहू द्या. सकाळी फॉइलला बारीक बारीक भोकं. पातेल्याला काही होत नाही, फॉइल खाल्ली जाते. व्होल्टाने १८०० साली पहिली बॅटरी केली ती पण अशीच, दोन वेगळ्या धातूंच्या चकत्या आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे. आपल्याकडे मीठ हवेतूनच येतं. आणि ते कोरडं राहत नाही, हवेत ७५ टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तेच. किनाऱ्यावर बहुतेक रात्री असतातच तशा. म्हणजे तुमच्या घरात रोज रात्री शेकडो छोट्या बॅटऱ्या चालू होतात आणि सकाळी ऊन आलं की बंद.

कोण कोणाला खातो याचा क्रम ठरलेला आहे. जस्त सगळ्यात आधी जातं, मग अ‍ॅल्युमिनियम, मग साधं लोखंड, मग पितळ आणि तांबं, आणि चांगलं स्टेनलेस शेवटी. दोघं ओल्यात चिकटले की यादीतला आधीचा मरतो आणि नंतरचा त्याच्या जिवावर टिकतो. म्हणून तुमच्या खिडकीतला स्क्रू इतका चकचकीत दिसतोय, कौतुक करू नका त्याचं.

पण यात एक मोठी मेख आहे आणि भाऊरायांचा सगळा प्लॅन तिथेच अडतो: कोण किती मोठा. मरणारा धातू मोठा आणि खाणारा छोटा असेल तर नुकसान मोठ्या अंगावर पसरतं, फार जाणवत नाही. उलटं असेल, म्हणजे खाणारा मोठा आणि मरणारा छोटा, तर सगळा मारा त्या छोट्यावर. माझ्याच घरची गोष्ट सांगते. गृहप्रवेशाला हौसेने तांब्याची पाटी करून घेतली होती, चांगली दीड फूट, आणि ती लावली घरात पडलेल्या चार साध्या जीआय स्क्रूंनी. दुसऱ्या पावसाळ्यात एका रात्री धाडकन आवाज आला, सकाळी बघतो तर आडनाव दारात पालथं पडलेलं. पाटीला ओरखडा नाही आणि भिंतीत स्क्रूच्या जागी चार तपकिरी डाग. मी वीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्समध्ये काढली आहेत बरं का, लोकांना हेच शिकवत होते.

तर आता एकेक जागा घेऊ.

रेलिंग. पाइप आणि खालची प्लेट स्टेनलेस, म्हणजे खाणारा मोठा, आणि जीआय बोल्ट छोटे, म्हणजे माझ्या पाटीचीच गोष्ट. इथे भावाचं म्हणणं बरोबर आहे, स्टेनलेसच्या प्लेटला स्टेनलेसचेच बोल्ट हवेत आणि समुद्र इतका जवळ असेल तर ३१६ चेच. नेहमीचं ३०४ स्टेनलेस आणि ३१६ यांच्यात मुख्य फरक मॉलिब्डेनमचा, ३१६ मध्ये ते दोन-तीन टक्के असतं आणि खाऱ्या हवेत तेच कामाला येतं. मिळाले तर केमिकल अँकर घाला, त्यात बोल्टभोवती रेझिन भरतात, भोकात पाणी मुरत नाही. जुने बोल्ट कापावे लागतील, पान्ह्याने फिरणार नाहीत, जोर लावलात तर डोकं तुटून हातात येईल. आणि रेलिंग खरंच ३०४ आहे का हे चुंबक लावून कळत नाही, कोणी तसं दाखवलं तर ऐकू नका. बाजारात २०२ म्हणून जे स्वस्त स्टील मिळतं तेही चुंबकाला चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्यायची, एवढाच साधा उपाय. तुमच्या रेलिंगवर जे चहासारखे तपकिरी डाग दिसतायत तो मात्र या बॅटरीचा प्रकार नाही, ते मीठ साठून येतात, गोड्या पाण्याने आणि साबणाने पुसले की बरेचसे जातात. तारेच्या घासणीने घासू नका, तिचे लोखंडी कण स्टीलमध्ये रुततात आणि मग खरोखरचा गंज धरतो. तसंच लाद्या धुवायला अ‍ॅसिड वापरायचं असेल तर रेलिंगपासून लांब, नुसत्या वाफेनेही स्टेनलेस काळं पडतं.

खिडक्या. इथे तुमच्या मिस्टरांना मी अर्धेच मार्क कापून घेते. अ‍ॅल्युमिनियमची चौकट मोठी, स्टेनलेसचा स्क्रू छोटा, म्हणजे मारा पसरलेला. खिडकी पडणार नाही, घाबरू नका. साधे जीआयचे स्क्रू घातले असते तर ते एव्हाना गेले असते. चुकलं एवढंच की स्क्रू थेट अ‍ॅल्युमिनियमला टेकला, मधे काही नाही. एक स्क्रू काढून बघा, डोक्याखाली रांगोळीसारखी पांढरी भुकटी असेल, ती ओल्या फडक्याने आणि नायलॉनच्या ब्रशने साफ करायची, पूर्ण वाळू द्यायचं, मग डोक्याखाली नायलॉनचा वायसर, आट्यांना सिलिकॉन किंवा जाड ग्रीस, आणि तोच स्क्रू परत. भोक मोठं झालं असेल तर एक साइज वरचा. वायसर घालताना बघा की स्क्रूची दांडी चौकटीच्या भोकाच्या कडेला टेकत नाहीये, नाहीतर वर वायसर आणि आत धातूला धातू, मग उपयोग शून्य. त्यासाठी बारीक प्लास्टिकची नळी येते, स्लीव्ह म्हणतात.

ही युक्ती काही आजची नाही. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये 'अलार्म' नावाच्या लाकडी जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे मारले, किडा लागू नये म्हणून, आणि मारले लोखंडी खिळ्यांनी. दोन वर्षांनी बघितलं तर खिळे विरघळून पत्रे सुटायला लागलेले. पण काही ठिकाणी खिळे शाबूत होते, आणि तिथे बघितलं तर पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद तसाच मधे राहून गेला होता. कागद काढायचा आळस केला म्हणून तेवढे खिळे वाचले! तुमचा नायलॉन वायसर म्हणजे तोच कागद.

पत्रा. हा फोटो मला सगळ्यात आवडला कारण यात मावसभाऊ, मिस्टर, पत्र्याची कंपनी, कोणाचाच दोष नाहीये. गंजाचा पट्टा कुठून सुरू होतो बघा. बरोबर एसीच्या बाहेरच्या युनिटखालून, जिथे ती बारीक ड्रेनची नळी पडवीच्या पत्र्यावर नुसती सोडून दिली आहे. आत तांब्याच्या नळ्यांवर जमलेलं पाणी थेंब थेंब पत्र्यावर पडतं, त्यात तांब्याचा अगदी किंचित अंश असतो, तो पत्र्यावरच्या जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या थराला खात बसतो आणि मग खालचं लोखंड उघडं पडतं. धातूला धातू चिकटलेला नसतानाही हे होतं, नुसतं पाणी पुरतं. ड्रेनची नळी पीव्हीसी पाइपला जोडून पन्हळीच्या पलीकडे थेट जमिनीपर्यंत न्या, तो एक पत्रा बदला, झालं. काम पाऊणएक दिवसाचं.

आणि इथे मात्र भावाचा ३१६ चा हट्ट मोडून काढा. पत्र्याला स्टेनलेसचे स्क्रू नकोत. पत्र्याच्या भोकाची कापलेली कड उघडी असते, तिला ओल्या मिठात स्टेनलेस चिकटलं की कड खायला सुरुवात. पत्र्याची कंपनी जे कोटिंगवाले सेल्फ ड्रिलिंग स्क्रू सांगते तेच घ्यायचे, काळ्या रबरी वायसरवाले, आणि ते इतकेच आवळायचे की रबर थोडं दबेल, बाहेर फुगणार नाही. सगळे स्क्रू बदलले तर पैसे जातील आणि आत्ता ठीक असलेला पत्रा खराब होईल, दोन्ही. नवा पत्रा लावताना आणखी दोन गोष्टी: मार्किंगला शिसपेन्सिल नको, ग्राफाइट त्या यादीत स्टेनलेसच्याही पलीकडे बसतं, तेव्हा मार्कर वापरा. आणि ड्रिलचा भुसा त्याच संध्याकाळी मऊ झाडूने काढून टाका, नाहीतर रात्रीत तो गंजतो आणि सकाळी सगळे म्हणतात नवाच पत्रा गंजला.

पन्हळ कशाने जोडली आहे तेही एकदा बघून घ्या, जीआयच्या पन्हळीला अ‍ॅल्युमिनियमचे रिव्हेट मारतात आणि ते छोटे असतात, पन्हळीवरचं जस्त शाबूत आहे तोवर ठीक, ते संपून लोखंड उघडं पडलं की पुढचं तुम्हाला आता कळतंच.

सोलरचा पाइप. वर तांबं, खाली जुनी जीआय लाइन, म्हणजे तांब्यावरून आलेलं गरम पाणी जस्तावरून जातं, एसीचीच गोष्ट पाइपाच्या आत, शिवाय पाणी गरम असल्याने वेग जास्त. जॉइंटला परत परत टेप गुंडाळण्यात अर्थ नाही. जीआय लाइन जितकी बदलता येईल तितकी सीपीव्हीसीची (गरम पाणी चालणारं प्लास्टिक) करा, अगदी सगळी नाही जमली तर निदान मधला मोठा तुकडा. पण थांबा, हे करण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून बघा की घराचं किंवा गीझरचं अर्थिंग त्या लोखंडी पाइपाला जोडलेलं नाहीये ना. जुन्या घरांत असं सर्रास केलेलं असतं. मधे प्लास्टिकचा तुकडा आला की अर्थिंग तुटतं आणि नळाला करंट यायची भीती. हे आधी, पाइप नंतर. आणि गीझर टाकीवाला असेल तर त्याच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, टाकीच्या ऐवजी ती मरावी म्हणूनच घातलेली असते, सर्व्हिसिंगला येणाऱ्या मुलाला ती उघडून दाखवायला सांगा, संपली असेल तर बदलून घ्या.

वाडीतल्या काकांचं जस्ताच्या ठोकळ्यांचं पण याच धर्तीवर आहे आणि ट्रॉलरला ते बरोबर आहे, पंख्याजवळ लावलेला ठोकळा स्वतः झिजतो आणि बाकीचं वाचवतो. पण ट्रॉलर पाण्यात असतो. ठोकळा आणि गेट यांच्यामध्ये सलग पाणी असेल तरच करंट वाहील, हवेत टांगलेला ठोकळा आजूबाजूच्या बोटभर जागेपलीकडे काही करू शकत नाही. जस्त हवंच असेल तर रंगातून घ्या, झिंकवाला प्रायमर येतो, तो सगळीकडे चिकटून बसतो. काकांना दुखवू नका, समुद्रावरच्या माणसांना हे इंजिनियरांच्या आधी कळलेलं असतं.

रंगाचं निघालंच आहे तर, आपण नेहमी गंजलेली बाजू रंगवतो आणि चांगली सोडून देतो, जोडाच्या ठिकाणी हे उलटं पडतं. मरणाऱ्या धातूला रंग दिला आणि त्याला कुठे टाचणीएवढा ओरखडा गेला की सगळा मारा त्या ओरखड्यावर, तिथे भोकच पडतं. रंगवायचं तर दोन्ही बाजू रंगवा, आणि एकच रंगवणं शक्य असेल तर खाणारी, म्हणजे स्टेनलेसची किंवा तांब्याची. विचित्र वाटतं, मलाही पहिल्यांदा वाटलं होतं.

आता मावसभाऊ. त्यांची एक चूक खरी आहे, रेलिंगचे बोल्ट. आणखी एक तुम्ही लिहिलेली नाही पण फोटोत मागे दिसतेय: छपराचे जीआय पाइप वेल्ड केलेत तिथे वरून नुसता चंदेरी रंग फासलाय. वेल्डिंगच्या आचेने जस्त जळून जातं, तिथे खपली ठोकून, ब्रशने घासून झिंक प्रायमर द्यावा लागतो, नुसता चंदेरी रंग म्हणजे मेकअप. या दोन गोष्टी त्यांच्याकडून करून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. पण एसीची नळी एसीवाल्याची, तांब्याचा जॉइंट सोलरवाल्याचा, खिडकीचे स्क्रू तुमच्या घरचे, आणि कोणता धातू कोणाशेजारी येतोय हे बघायला या सगळ्यांमध्ये एकही माणूस नव्हता. घराचं काम काढताना प्रत्येक जण आपापली वस्तू चांगली आणतो आणि चांगल्या वस्तू एकमेकांना खातात, कोकणातल्या नव्या घरांमध्ये मला हे आता दर दुसऱ्या घरात दिसतं. "हलका माल घातलास" म्हणून पैसे मागितलेत तर ते बिलं काढतील, माल बहुधा बरा निघेल, आणि मग खऱ्या दोन चुकांबद्दल बोलायची सोय राहणार नाही. त्यापेक्षा फोटो दाखवा आणि विचारा, दादा, हे बोल्टच का गेले, रेलिंगला काहीच कसं झालं नाही? लोखंडात हात काळे केलेल्या माणसाला हा प्रश्न टोमणा वाटत नाही. बोल्टचा आणि प्रायमरचा खर्च तुमचा, मजुरी त्यांची, असं मी सुचवेन. भावाला मस्कतला हे पत्र पाठवा हवं तर, तोही समुद्रकाठीच राहतो, त्याच्याकडच्या एसीचं युनिट मागून उघडून बघ म्हणावं, अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या तांब्याच्या नळ्यांपाशी भुगा झालेल्या दिसल्या तर त्याला पटेल.

कामाची वेळ दिवाळीनंतरची धरा, पाऊस गेलेला आणि भातकापणी उरकलेली, माणूस मिळतो. रेलिंग मात्र तेवढं थांबवू नका. पावसाळ्यात घर आपोआप धुतलं जातं, मीठ साठतं ते ऑक्टोबर ते मे, आणि तेही पावसाचं पाणी पोचत नाही तिथे जास्त: वळचणीच्या आत, खिडकीच्या वरच्या कडेला, रेलिंगच्या खालच्या अंगाला. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने पुसून घ्यायचं. एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो तेव्हा पाइप लावून धुणं शक्य नाही, आईला सांगायलाही लाज वाटेल, तेव्हा एक बादली आणि ओलं फडकं पुरे. बोअरचं पाणी चवीला मचूळ असेल तर ते अजिबात नको, मिठाने मीठ धुतल्यासारखं होईल.

नायलॉनचे वायसर आणि त्या स्लीव्ह गावाकडे हव्या त्या साइजच्या मिळाल्या नाहीत तर मिस्टरांनाच ठाण्याहून आणायला सांगा, स्क्रूचा एक नमुना खिशात देऊन. आणि रुपया-दोन रुपयांच्या वस्तू आहेत म्हणून मोजून आणू नका, चांगली मूठभर जास्तीच आणा, मावसभाऊ त्या पुढच्या घराला वापरतील.